नानांनी गिळलेला खोकला

मित्रांनो, कपड्यांच्या कपाटात राहणारा मी एक म्हातारा मायक्रोफोन. सगळे मला नुसतं माइक म्हणतात. माझी जाळी एका बाजूने चेपली आहे, मानेचा स्क्रू ढिला झाल्यामुळे तिथे चिकटपट्टी गुंडाळली आहे. कान मात्र अजून शाबूत आहेत. खरं तर माझं सगळं अंग म्हणजे एक कानच. तोंड तेवढं नाही. तोंड नसल्याचं दुःख मला पूर्वी कधी झालं नव्हतं. ते केव्हा झालं, तेच आज सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलाशी बायका ओळीने बसायच्या आणि केसाहून पातळ पडदे चिमट्याने उचलून आमच्या छातीत बसवायच्या. टेबलाच्या टोकाला एक चष्मेवाल्या बाई होत्या. त्या प्रत्येक माइकसमोर एक ते दहा आकडे म्हणायच्या आणि कागदावर खूण करायच्या. माझ्या पाळीला त्यांना सहाच्या आकड्यावर जांभई आली. त्यांनी कानावरचे हेडफोन दाबून पुन्हा ऐकलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "अगं, ह्याने जांभईसुद्धा पकडली बघ!" आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी.

पुढे दुकानाच्या काचेआड मी बरेच महिने धूळ खाल्ली. मग एक दिवस एक पस्तिशीची बाई आणि तिचे वडील दुकानात आले. वडील तिला चिमी म्हणत, म्हणून मीही तिला चिमीच म्हणणार. ती त्यांना नाना म्हणायची. नाना बसचे कंडक्टर होते, नुकतेच निवृत्त झालेले. त्यांचा आवाज असा, की नुसतं "हा दाखवा" म्हणाले तरी दुकानातली चार माणसं आपोआप पुढे सरकली.

चिमीने अकरा वर्षं एका कचेरीत लोकांचे फोन घेतले होते. ती कचेरी बंद झाली. निघताना सगळे तिला म्हणाले, तुझा आवाज साखरेसारखा आहे, त्याचंच काहीतरी कर. म्हणून ती आता घरी बसून पुस्तकं वाचणार होती, जाहिरातींना आणि सूचनांना आवाज देणार होती.

"आता मी कुणाची नोकर नाही, नाना," मला पिशवीत ठेवताना ती म्हणाली. "मनाची राणी!"

"राणीला सुटी असते का गं?"

"मनात येईल तेव्हा!"

नाना हसले. पिशवीत मलाही हसू आल्यासारखं झालं. माझी धनीण राणी होती.

राणीचा महाल म्हणजे दोन खोल्यांच्या घरातलं एक कपाट. त्यातले कप्पे काढून टाकले, मागे जाड रजई टांगली, दोन्ही बाजूंना स्वेटर आणि कोट लावले, म्हणजे आवाज घुमत नाही. दाराशी गादी उभी केली. आत एक स्टूल, एक दिवा, ती आणि मी. पंखा चालायचा नाही, कारण मी पंखाही ऐकतो. दहा मिनिटांत तिच्या कपाळावरून घामाची धार लागायची. ती पुसायची आणि पुढचं पान उलटायची, तेही असं की पानाला कळू नये.

मित्रांनो, माझ्यासाठी सगळ्यात जास्त राबले ते नाना. कपाटात शिरण्याआधी ती खोलीच्या दाराच्या बाहेरच्या मुठीला लाल रुमाल बांधायची. लाल रुमाल म्हणजे रेकॉर्डिंग चालू. रुमाल दिसला की नाना फ्रिज बंद करायचे, पायांत दोन-दोन मोजे चढवायचे आणि स्वयंपाकघरात एका खुर्चीवर बसून राहायचे. खुर्चीच्या पायांना त्यांनी रबर लावलं. बिजागऱ्यांना तेल घातलं. भांड्यांच्या मधे जुन्या बनियनचे तुकडे कोंबले. रोज दहा वाजता खाली जाऊन ते रद्दीवाल्याला हात जोडायचे, "बाबा, तू पलीकडच्या गल्लीतून जा. माझ्या घरात काम चालतं."

समोर राहणाऱ्या काकूंना ह्याची फार गंमत वाटायची. "काय हो नाना, एवढा मोठा तुमचा घसा आणि आता अगदी मांजराच्या पावलांनी चालता?"

नाना म्हणायचे, "तीस वर्षं ओरडून मी पोरीचं पोट भरलं. आता गप्प बसून हातभार लावतो."

ती सुखाची वर्षं होती. आम्ही दोघांनी जाडजूड कादंबऱ्या वाचल्या, मुलांच्या गोष्टी वाचल्या, फोनवर ताटकळणाऱ्या लोकांना "आपण रांगेत आहात" असं हजार वेळा गोडीने सांगितलं. एका मोठ्या दुकानाच्या लिफ्टमध्ये चिमीचा आवाज लागला तेव्हा नाना मुद्दाम तिथे गेले. खाली, वर, पुन्हा खाली. पाचव्या फेरीला पहारेकऱ्याने विचारलं, "आजोबा, तुम्हाला जायचंय तरी कुठे?"

"कुठेच नाही. ही बोलतेय ना, 'तिसरा मजला', ती माझी मुलगी आहे."

घरी येऊन त्यांनी ते सांगितलं तेव्हा चिमी इतकी हसली की तिला ठसका लागला. नाना घाबरले. "घसा सांभाळ हो! घशावर आपलं घर आहे."

ते खरंच होतं. चिमीला सर्दी झाली की आठवडा वाया जायचा. आजारपणाची रजा मागायची तरी कुणाकडे? एकदा तिने ताप अंगात असताना अर्धं पुस्तक वाचलं. प्रत्येक वाक्याआधी ती मान वळवून श्वास घ्यायची, मला धाप ऐकू येऊ नये म्हणून. मला ती ऐकू आलीच.

काम द्यायचे एक साहेब. त्यांना मी कधी पाहिलं नाही, फक्त फोनवर ऐकलं. आवाज एकदम लोण्यासारखा. "तुम्ही तर आमच्या घरच्याच," असं ते म्हणायचे, आणि प्रत्येक काम "लगेच" हवं असायचं. एका वर्षी चिमीच्या मैत्रिणीचं लग्न होतं. तिने साहेबांना सांगितलं, ह्या वेळी जमणार नाही. साहेब म्हणाले, "अहो, काहीच हरकत नाही! मजा करा!" त्यानंतर दोन महिने फोन वाजला नाही. कुणी रागावलं नाही, कुणी काढून टाकलं नाही. नोकरीच नव्हती, तर काढणार कशातून? चिमी रोज कपाट पुसायची, मला पुसायची आणि फोनकडे बघत बसायची. तिसऱ्या महिन्यात फोन आला. तेव्हापासून 'नाही' हा शब्द ती बोलायची विसरली.

आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. तिचा मोठा भाऊ दुसऱ्या गावी राहायचा. नानांचा चष्मा करायचा असो, बँकेत जायचं असो, तो फोनवर म्हणायचा, "तूच बघ ना, तू काय, घरीच असतेस."

मग एके सकाळी कादंबरीतल्या एका वाक्याच्या मधोमध मी स्वयंपाकघरातून एक खोकला ऐकला. साधा, कोरडा, एकच. चिमीने टाळी वाजवली. चूक झाली की ती टाळी वाजवायची, म्हणजे नंतर कापायला खूण सापडते. वाक्य पुन्हा म्हटलं. पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी दोन खोकले आले. त्या आठवड्यात सात.

"नाना, सर्दी झालीय का तुम्हाला?"

"किरकोळ आहे. तू माझ्याजवळ येऊ नकोस, तुला लागायची," नाना म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांनी आपलं ताट स्वयंपाकघरातच घ्यायला सुरुवात केली.

खोकला आला की ते उठून जिन्यात जायचे. दार लावून घ्यायचे, कडी वाजू न देता. पुढे पुढे ते थेट खाली रस्त्यावर जायला लागले. मी ऐकायचो: जाताना पावलं पटपट, परत येताना प्रत्येक पायरीवर थांबा. काही आठवड्यांनी रस्त्यापर्यंतही जाववेना. मग ते न्हाणीघरात जाऊन तोंडावर पंचा दाबायचे. पंच्याआडचा खोकला भिंतीपलीकडच्या माणसाला सहसा ऐकू येत नाही. मला यायचा.

चिमीलाही तो नंतर ऐकू यायचाच, रेकॉर्डिंग साफ करताना. पण तेव्हा तिच्या लेखी तो खोकला नव्हता, तो एक डाग होता. ती तो कापायची आणि पुढे जायची. रोज चार कापले, रोज दहा कापले. भाजी निवडणारीला किडकं पान दिसतं, शेत दिसत नाही, तसं तिचं झालं.

एक दिवस पंच्यालाही खोकला आवरेना आणि एकाच पानाला सहावी टाळी पडली. संध्याकाळपर्यंत पुस्तक द्यायचं होतं. चिमीने गादी ढकलली आणि ती बाहेर ओरडली, "नाना, दहा मिनिटं दम धरता येत नाही का हो तुम्हाला?"

मग नानांचा आवाज आला. कंडक्टरचा तो आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "धरतो गं, चिमे. धरतो."

त्यानंतर पूर्ण दहा मिनिटं नाना खोकले नाहीत. ते कसे बसले होते, मला ठाऊक आहे. श्वास नाकातून बारीक बारीक येत होता आणि खुर्चीचं लाकूड त्यांच्या मुठीखाली करकरत होतं.

चिमीला वाईट वाटलं नाही असं नका समजू. जेवताना ती म्हणाली, "हे पुस्तक संपलं की डॉक्टरांकडे जाऊ या." पुस्तक संपलं, तर दुसरं लगेच हवं होतं. ते संपलं, तर तिसरं. नाना स्वतःच म्हणायचे, "आधी तुझं काम उरक. म्हातारपणाचा खोकला कुठे पळून जातोय?"

मधल्या एका दुपारी तिला एका दवाखान्यासाठी फोनवरची सूचना करायची होती. वाक्य होतं, "दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ खोकला असल्यास दुर्लक्ष करू नका." साहेबांना त्यात माया हवी होती, म्हणून चिमीने ते अकरा वेळा म्हटलं. प्रत्येक वेळी जास्त मायेने. चौथ्या आणि नवव्या वेळी पंच्याआडून नाना खोकले. तिने ते दोन टेक टाकून दिले. मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा तोंड हवंसं वाटलं.

अखेर काकूंनी तोंड उघडलं. एके सकाळी त्या थेट खोलीच्या दाराशी आल्या. लाल रुमाल बांधलेला होता, तरी त्यांनी दार वाजवलं. चिमी चिडून बाहेर आली.

"तुझे वडील जिन्यात बसलेत," काकू म्हणाल्या. "भिंतीला डोकं टेकून. मी पाणी दिलं तर म्हणतात, चिमीला सांगू नका, तिचं काम चाललंय. अगं, काय चाललंय काय तुमच्या घरात?"

चिमी अनवाणी धावली. तासाभरात दोघं दवाखान्यात होती.

पुढचं मी चिमीच्या तोंडूनच ऐकलं, ती दादाला, म्हणजे त्या मोठ्या भावाला, फोनवर सांगत होती तेव्हा. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, खोकला कधीपासून? नाना म्हणाले, "झाले असतील आठ-दहा दिवस." डॉक्टरीणबाईंनी छातीच्या एक्स-रेकडे पाहिलं आणि मग चिमीला बाजूला नेऊन सांगितलं, "असं आठ दिवसांत होत नाही. नीट आठवून सांगा." फुप्फुसात गाठ होती, आणि तिच्याभोवती पाणी साठलं होतं.

चिमीला आठवून सांगायची गरज नव्हती. तिच्याकडे लिहून ठेवल्यासारखं सगळं होतं. न कापलेली मूळ रेकॉर्डिंगं ती जपून ठेवायची, प्रत्येकावर तारीख. नानांना दवाखान्यात ठेवून ती दुपारी घरी आली, कपाटात बसली आणि तिने हेडफोन घातले. मागे मागे जात राहिली. जिथे टाळी, तिथे थांबायची. पंच्याआडचा खोकला. त्याच्या आधीचा, जिन्यातला. त्याच्याही आधीचा, स्वयंपाकघरातला. शेवटी तो पहिला, साधा, कोरडा, एकच. तिने तारीख पाहिली. अकरा महिने झाले होते.

पण त्या पहिल्या खोकल्यापर्यंत पोचण्याआधी, मधल्याच एका तारखेला, तिला आणखी एक गोष्ट सापडली. त्या दिवशी ती काकूंकडे फोनचा चार्जर मागायला गेली होती आणि मी चालूच राहिलो होतो. नाना कपाटात आले होते. स्टुलावर बसले. पोटभर खोकले, अगदी मोकळेपणी, पहिल्यांदाच. मग धाप आवरून माझ्याशी बोलले.

"काय रे बाबा, तुझ्यापासून काही लपत नाही म्हणतात. लपव एवढं. तिला मी म्हटलं डॉक्टर, तर ती काम सोडून येईल, आणि मग पुन्हा ते फोनकडे बघत बसणं. ते नको. मला बघवत नाही. एवढं पुस्तक होऊ दे." मग थोडा वेळ नुसता श्वास, आणि शेवटी, "छान वाचते ना रे?"

हे ऐकून चिमी रडली नाही. ती ते पुन्हा ऐकू लागली. पाच वेळा ऐकलं. सहाव्या वेळी तिने हेडफोन काढले, रजईत तोंड खुपसलं, आणि जो आवाज केला तो मी जन्मात विसरणार नाही.

तिने साहेबांना फोन केला. वडील आजारी आहेत, हातातलं पुस्तक थोडं उशिरा देते. "अहो, तब्येत आधी! काही काळजी करू नका," साहेब म्हणाले. त्यांनी खरंच काळजी करू दिली नाही. पुस्तक दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या कुणाकडे गेलं.

डॉक्टरीणबाईंनी पाणी काढलं, औषधं दिली आणि म्हणाल्या, जरा आधी आला असतात तर. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. महिन्याभराने नाना घरी आले. दादाही आला. दोन दिवस नानांच्या पायाशी बसला, चिमीला एकदाही 'घरीच असतेस' म्हणाला नाही, आणि रजा संपली तसा परत गेला. त्याला रजा होती.

चिमीने दाराशी उभी केलेली गादी काढली आणि नानांच्या खाली आणखी मऊ म्हणून अंथरली. कपाटाचं दार उघडंच राहिलं, म्हणून मला खोली दिसू लागली. नाना किती लहान झाले होते! कंडक्टरच्या त्या आवाजामुळे माझ्या मनात ते केवढे तरी मोठेच राहिले होते.

एक दिवस ते म्हणाले, "चिमे, इतकी पुस्तकं वाचलीस, पण मला एकही गोष्ट ठाऊक नाही. भिंतीपलीकडून नुसती गुणगुण यायची. ते कुठलं शेवटचं होतं, त्यात पुढे काय झालं?"

चिमीने पुस्तक आणलं. काम हातचं गेलं होतं, पुस्तक घरात राहिलं होतं. तिने पहिल्या पानापासून सुरुवात केली. मला जोडलं नव्हतं, लाल रुमाल बांधला नव्हता, पंखा चालू होता, खाली रद्दीवाला ओरडत होता. नाना मधेच खोकायचे. खोकला येऊ लागला की सवयीने त्यांचा हात पंच्याकडे जायचा. चिमी तो हात धरायची. "खोका नाना. खुशाल खोका. मी थांबते." खोकला संपेपर्यंत ती थांबायची आणि जिथे वाक्य तुटलं तिथूनच पुढे वाचायची.

मित्रांनो, मी तिचं शेकडो तास वाचन ऐकलं आहे. असं वाचन तिने मला कधीच दिलं नाही.

नऊ दिवस वाचन चाललं. दहाव्या दिवशी सकाळी ती पुस्तक घेऊन बसली. दोन पानं वाचली. मग खोकल्यासाठी थांबली, आणि खोकला आला नाही. ती थांबून राहिली. बराच वेळ थांबून राहिली. चाळीस पानं उरली होती.

पंधरा-वीस दिवसांनी साहेबांचा फोन आला. आवाज तसाच, लोण्यासारखा. "फार वाईट झालं हो. स्वतःला जपा. एक छोटंसं काम होतं, पण लगेच हवंय." चिमी कपाटात आली. स्टुलावर बसली. दाराला गादी लावायची तिला गरज वाटली नाही. घर इतकं गप्प होतं की मला तिच्या पापण्यांची उघडझाप ऐकू येत होती. अशी शांतता मिळावी म्हणून दोन माणसं वर्षानुवर्षं धडपडली होती. चिमीने एक ओळ वाचली, दुसरी अर्धी वाचली आणि फोन उचलला.

"साहेब, नाही जमणार," ती म्हणाली. किती दिवसांनी तो शब्द तिच्या तोंडून आला!

"अहो, काहीच हरकत नाही," साहेब म्हणाले.

त्यांचा फोन पुन्हा आला नाही. चिमी दुसरी कामं धरते, लहानसहान, आणि एका खोलीचं घर घेऊन राहते. रेकॉर्डिंगमध्ये पंखा येतो, शेजारचा कुकर येतो. काही लोक कुरकुर करतात, काही चालवून घेतात. कुणी म्हणतं, आता यंत्रच वाचतात, तुमचं काय काम? मी तर यंत्रच आहे. वाचणं काय असतं, ते त्या नऊ दिवसांत कळलं, म्हणून सांगतो, असं म्हणणाऱ्यांना काही ठाऊक नाही.

माझी फार काही मागणी नाही, मित्रांनो. मला पुसा, ओल लागू देऊ नका, एवढं तर कुठलाही माइक म्हणेल. मला सांगायचं आहे ते वेगळंच. तुमच्यापैकी कुणाची आई, कुणाचे बाबा, कुणाची आत्या घरात दार लावून काम करत असतील. त्यांना शिरायची आणि सुटायची घंटा नसते. त्यांना कुणी 'आज घरी जा' म्हणत नाही, कारण ते घरीच असतात. तेव्हा तुम्हाला काही दुखत असेल, खुपत असेल, तर चवड्यांवर चालू नका. दार वाजवा. ते चिडतील, तरी वाजवा. आणि तुम्ही स्वतः मोठे होऊन असं काम करू लागलात, आणि भिंतीपलीकडचं कुणी फारच शहाण्यासारखं गप्प बसलं आहे असं वाटलं, तर हातातलं वाक्य तिथेच सोडा आणि उठून बघून या. वाक्य कुठे जात नाही.